विक्रम गोखले यांचे विराम आणि नारायण पेठेतील एक कॅसेट-रूपांतर सेवा

नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवून देणारे एक छोटे दुकान आहे. मालक एकटेच काम करतात, हातातले काम पुरे झाल्याखेरीज नवे घेत नाहीत, आणि एकदम गर्दी झाली तर कामाचा दर्जा राखता येणार नाही म्हणून नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. ती मी येथे पाळते आहे. पेठेत एखाद्या जुन्या छायाचित्रकाराकडे किंवा रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्याकडे चौकशी केल्यास पत्ता सहज मिळतो. माझ्या वडिलांनी आणि पुढे आईने दूरचित्रवाणीवरून घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी मी त्यांच्याकडे दिल्या होत्या. त्या बहुतेक सर्व कॅसेटींवर एक नट समान होता, विक्रम गोखले. त्यांचा अभिनय दोन वाक्यांमधल्या थांब्यावर उभा असे, आणि फितीवरून फाइलवर येताना सर्वांत आधी बळी जातो तो नेमका हा थांबाच. म्हणून या सेवेचे मोल मी चित्राच्या झगमगाटावरून करणार नाही. गोखले गप्प असताना काय ऐकू येते आणि काय दिसते, त्यावरून करणार आहे.

चित्रपटातल्या नटाचे काम टिकण्याची काही तरी व्यवस्था आपल्याकडे झाली. लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यातच आहे. २००३ साली जुन्या नायट्रेट फितींना आग लागून मोठा ठेवा जळाला, हे दुःख आहेच. पण निदान जपण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेथे सुटलेला होता. दूरचित्रवाणीच्या नटाच्या नशिबी एवढेही आले नाही. सुरुवातीच्या काळात चित्रफीत महाग होती, प्रसारण झाले की तीच फीत पुसून पुन्हा वापरली जाई, आणि त्या काळातले कितीतरी काम असे हवेत विरून गेले. मालिका पुन्हा दाखवली तर दिसणार, नाही दाखवली तर ज्याने पाहिली त्याच्या आठवणीत राहणार, अशी स्थिती होती. घरोघरी व्हीसीआर आल्यावर ज्यांनी हौसेने मालिका रेकॉर्ड करून ठेवल्या, त्यांच्या कपाटांत आज या नटांच्या कारकिर्दीचे तुकडे पडून आहेत, आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्यांवर दर वर्षी थोडी थोडी बुरशी चढते आहे.

विक्रम गोखले यांच्या बाबतीत ही गोष्ट मला विशेष लागते, कारण त्यांच्या घराण्याचा इतिहास म्हणजे जवळजवळ भारतीय पडद्याचाच इतिहास आहे. त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या दोघी मायलेकी १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटात होत्या. आई पार्वती, तर मुलगी मोहिनी. स्त्रियांची कामे पुरुषांनीच करायची अशी रीत असलेल्या काळात भारतीय पडद्यावर आलेल्या या पहिल्या स्त्रिया. कमलाबाईंच्या मुलांपैकी लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले आणि चंद्रकांत गोखले यांनी रंगभूमी धरली. चंद्रकांत गोखल्यांचे पोट नटाच्या कामावरच चाले, पण त्या मिळकतीतून सैनिकांसाठी सातत्याने काही बाजूला काढण्याची त्यांची रीत पुण्यातल्या जुन्या पिढीला चांगली ठाऊक आहे. त्यांच्या पोटी १४ नोव्हेंबर १९४५ रोजी पुण्यात विक्रम गोखले यांचा जन्म झाला. नट म्हणून त्यांना काहीही सोपे गेले नसेल, कारण घरातच मोजमाप करणारी माणसे होती.

त्यांची खरी ओळख झाली ती रंगभूमीवर. जयवंत दळवींनी लिहिलेले आणि विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेले ‘बॅरिस्टर’ १९७७ साली आले आणि त्यातल्या रावसाहेबांनी गोखल्यांना मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमचे नेऊन ठेवले. विलायतेत शिकलेला, सुधारणेची भाषा बोलणारा, वाड्यातल्या विधवेच्या दुःखाने कळवळणारा आणि निर्णयाच्या क्षणी मात्र पाय मागे घेणारा तो माणूस. अशा भूमिकेत बोललेल्या वाक्यांहून न बोललेली वाक्ये अधिक महत्त्वाची असतात. ज्यांनी तो प्रयोग पाहिला अशी माझ्या आईच्या पिढीतली माणसे आजही रावसाहेबांच्या संवादांआधी त्यांच्या गप्प राहण्याविषयी बोलतात. मी तो प्रयोग पाहिलेला नाही. आणि मला तो कोठेही पाहायला मिळणार नाही, कारण नाटक प्रयोगाबरोबर संपते. दूरचित्रवाणीवरचे त्यांचे काम मला म्हणूनच हवे होते. रंगमंचावर पाच-सातशे लोकांपर्यंत पोहोचणारा विराम त्यांनी छोट्या पडद्याच्या मापात कसा बसवला, हे त्यात दिसते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहप्रक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण देणारा विभागही दिल्लीहून येथल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आला. त्या काळचे तंत्र नटाला फारसे साहाय्य करणारे नव्हते. पडदा लहान, चित्र धूसर, स्टुडिओतला प्रकाश सपाट. अशा पडद्यावर मोठे हातवारे ओंगळ दिसत आणि फार बारीक हालचाल दिसतच नसे. मराठी रंगभूमीवरून तेथे गेलेल्या कितीतरी चांगल्या नटांना हे गणित शेवटपर्यंत जमले नाही. आवाज सभागृहाच्या मापाचाच राहिला. गोखल्यांनी आवाज खाली आणला, हात जवळजवळ थांबवले आणि सगळा भार डोळ्यांवर व श्वासावर टाकला. समोरचे पात्र बोलत असताना ते ऐकत आहेत, हे त्यांच्याकडे पाहून कळे. मला विचाराल तर दूरचित्रवाणीवरच्या अभिनयाची अर्धी विद्या या ऐकण्यात आहे, आणि रोजच्या मालिकांच्या घाईत तीच सर्वांत आधी हरवली.

वडिलांच्या कॅसेटींतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ‘उड़ान’चे काही भाग. दूरदर्शनवर १९८९ ते १९९१ या काळात दाखवली गेलेली ही मालिका कविता चौधरी यांनी लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात कल्याणी ही प्रमुख भूमिकाही केली. त्यांच्या पोलीस अधिकारी भगिनी कंचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून ती सुचलेली होती. कल्याणीच्या वडिलांची भूमिका विक्रम गोखले यांची होती. मुलीच्या पाठीशी उभा राहणारा बाप ही भूमिका भाषणबाजीत वाहून जायला अगदी सोयीची. त्यांनी ती तशी होऊ दिली नाही. मुलगी बोलते तेव्हा हा बाप तिच्याकडे जसा पाहतो, त्यात अभिमान आहे आणि काळजीही आहे, आणि दोन्हींपैकी एकही तो उघड बोलून दाखवत नाही. आमच्या घरात ही मालिका लागली की वडील आवाज थोडा वाढवत असत, आणि आता या फिती ऐकताना मला त्याचे कारण समजले: गोखले इतके हळू बोलत की नळाचा आवाज आला तरी वाक्य निसटे.

आता सेवेकडे वळते. या दुकानाआधी मी शहरातल्या दुसऱ्या एका व्यावसायिकाकडे काही कॅसेटी दिल्या होत्या. त्यांचे नाव लिहिण्यात काही साध्य नाही, पण तेथे काय झाले ते सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक ठिकाणी तसेच होते. काम लवकर झाले, पेनड्राइव्ह सुबक डबीत मिळाला, आणि चित्र पाहताक्षणी स्वच्छ वाटले. पण थोडे पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की गोखल्यांचा चेहरा रुंद झाला आहे. मूळ चित्र ४:३ या मापाचे असताना ते आजच्या पडद्यासाठी १६:९ मध्ये ताणलेले होते. दुसरे असे की डोके वळवताना किंवा पापणी मिटताना चेहऱ्यावर कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा उमटत. आपल्याकडच्या पॅल या दूरचित्रवाणी-पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा एकाआड एक अशा दोन फेऱ्यांत पाठवल्या जातात आणि सेकंदाला अशा पन्नास फेऱ्या होतात. त्या नीट न जुळवता एकत्र केल्या की हालचाल फाटते. ज्या नटाचे सारे काम पापणीच्या हालचालीत आहे, त्याच्या बाबतीत हा दोष मामुली म्हणता येत नाही.

तिसरा दोष आवाजाचा होता आणि तो सर्वांत गंभीर होता. जुन्या फितीत सतत एक बारीक खरखर असते. ती काढण्यासाठी त्या व्यावसायिकाने सॉफ्टवेअर वापरले होते, जे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो पूर्ण बंद करते आणि माणूस बोलू लागला की पुन्हा उघडते. परिणाम असा की गोखले थांबले की फाइलमध्ये एकदम पोकळी होई. खोलीचा आवाज नाही, कपड्यांची सळसळ नाही, श्वास नाही. वाक्य सुरू करण्याआधी ते जो श्वास घेत, ज्यावरून पुढचे वाक्य रागाचे आहे की हताशपणाचे हे आधीच कळे, तो श्वास कापून टाकलेला होता आणि पहिले अक्षरही अनेकदा अर्धेच राहिले होते. विराम आणि शून्य या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या यंत्राला कळणे शक्यच नव्हते, आणि यंत्र चालवणाऱ्याने शेवटपर्यंत ऐकून पाहिलेले नव्हते.

नारायण पेठेतल्या दुकानात सुरुवातच वेगळी झाली. मालकांनी कॅसेटी हातात घेऊन आधी काचेच्या खिडकीतून आतली रिळे उजेडात पाहिली. ज्यांच्या कडांवर पांढुरके ठिपके होते त्या त्यांनी बाजूला ठेवल्या आणि मला सांगितले की अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये एकदाही घालू नये. बुरशी यंत्रातल्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, जाते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेटी ते खोलून हाताने साफ करतात आणि त्यासाठी वेगळे यंत्र ठेवले आहे. ज्या कॅसेटी चांगल्या होत्या त्याही लगेच लावल्या नाहीत. बरीच वर्षे एकाच अवस्थेत गुंडाळलेली फीत कोठे घट्ट तर कोठे सैल झालेली असते, म्हणून ती आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घेतात. ज्यांना केवळ काम उरकायचे आहे ते ही पायरी गाळतात.

त्यानंतरची गोष्ट यंत्रांची. व्हीएचएस १९७६ साली जपानमध्ये जेव्हीसीने आणले आणि फुनाई या शेवटच्या उत्पादकाने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. तेव्हापासून जगात जी यंत्रे आहेत तीच. नवी हेड मिळत नाहीत, रबरी पट्टे आणि चाके कोठून तरी मिळवावी लागतात. मालक जुन्या व्हीसीआरच्या सुट्या भागांसाठी जुना बाजार धुंडाळतात आणि बंद पडलेली यंत्रे विकत घेऊन ठेवतात. त्यांच्या मांडणीवर उघडी पडलेली ती यंत्रे पाहिल्यावर मला जाणवले की या सेवेला मुदत आहे. हेड झिजतील, पुढच्यांना हे काम शिकवायला कोणी राहणार नाही, आणि मग कॅसेट चांगली असली तरी ती वाचणारे काही उरणार नाही.

व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये ते टाइम बेस करेक्टर नावाचे उपकरण लावतात. फिरत्या ड्रमवरून अर्धा इंच रुंदीची फीत जाताना वेगात जी बारीक चलबिचल होते, तिच्यामुळे चित्राच्या उभ्या रेषा लाटांसारख्या हलतात. हे उपकरण प्रत्येक रेष आपल्या जागी आणून बसवते. दाराची चौकट सरळ उभी राहिली की मागे उभा असलेला माणूसही स्थिर दिसतो, आणि गोखल्यांसारखा नट मुद्दाम स्थिर उभा आहे की चित्रच हलते आहे, हा संशय उरत नाही. चित्र ७२० गुणिले ५७६ या मूळ मापात, कोणतीही काटछाट न करता उतरवले जाते. अशी फाइल तासाला ३० ते ४० जीबी जागा घेते. ही मूळ प्रत आणि तिच्यावरून रोज पाहण्यासाठी केलेली छोटी प्रत, अशा दोन्ही ते देतात. मूळ प्रत देणारा व्यावसायिक मला दुसरा भेटलेला नाही. उद्या अधिक चांगले तंत्र आले तर त्या मूळ प्रतीवर ते वापरता येईल. छोट्या प्रतीतून गेलेले तपशील मात्र कोणतेही तंत्र परत आणू शकणार नाही.

आवाजाच्या बाबतीत त्यांचे धोरण एका वाक्याचे आहे: खरखर राहू द्यायची. मी आग्रह केला असता तर त्यांनी थोडी कमी केली असती, पण आधी त्यांनी मला दोन्ही प्रती ऐकवल्या, कानाला लावायला चांगला हेडफोन दिला आणि ठरवायला वेळ दिला. वडिलांनी एका कॅसेटवर अधिक भाग बसावेत म्हणून काही रेकॉर्डिंग लाँग प्ले पद्धतीने केले होते. त्यात फीत अर्ध्या वेगाने सरकते, तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास मावतात, आणि फितीच्या कडेला असलेल्या आवाजाच्या पट्टीचा कस त्या मानाने उतरतो. अशा भागांत खरखर खरोखरच जास्त आहे. तरीही तिच्याखाली गोखल्यांचा श्वास ऐकू येतो, आणि कान काही मिनिटांत खरखरीला सरावतो. आवाजाचे हेड त्या त्या कॅसेटप्रमाणे किंचित फिरवून जुळवणे, हे मालकांचे खरे कौशल्य आहे. एका भागात मला आधी पुटपुटल्यासारखे वाटलेले वाक्य त्यांनी तसे जुळवल्यावर स्पष्ट झाले.

मालिकांच्या मध्ये लागलेल्या जाहिराती आणि निवेदिकांच्या सूचना काढून टाकू का, असेही त्यांनी विचारले. मी नको म्हणाले. वडिलांनी कॅसेटींवर तारखा लिहिलेल्या नव्हत्या. जाहिराती आणि मधल्या बातम्यांच्या झलकांवरूनच आता प्रसारणाचा काळ ठरवता येतो. शिवाय ‘उड़ान’च्या आधी कविता चौधरी घराघरांत पोहोचल्या होत्या त्या सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी म्हणून, आणि त्या काळचा प्रेक्षक त्यांना कोणत्या ओळखीने पाहत होता हे समजायला तो संदर्भ लागतो. २०२४ मध्ये त्याही गेल्या.

दुसऱ्या कॅसेटवर दूरदर्शनवर लागलेला ‘कळत नकळत’ हा चित्रपट आहे. स्मिता तळवलकर यांची निर्मिती, कांचन नायक यांचे दिग्दर्शन, आणि सोबत सविता प्रभुणे व अश्विनी भावे. विवाहबाह्य संबंधात गुंतलेल्या नवऱ्याची ही भूमिका पाहताना ‘बॅरिस्टर’मधल्या रावसाहेबांची आठवण होणे साहजिक आहे, तेथेही मन एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे. हा चित्रपट अन्यत्रही पाहायला मिळतो आणि तेथे प्रत अधिक स्वच्छ आहे, त्यामुळे ही कॅसेट रूपांतरित करण्यावर पैसे घालवायची गरज नव्हती. मालकांनीही मला आधी तसेच सुचवले होते. स्वतःचे काम कमी होईल असा सल्ला देणारा माणूस विश्वासाचा असतो. हिंदी चित्रपटांतील त्यांच्या भूमिका, ‘अग्निपथ’मधले आयुक्त गायतोंडे, ‘खुदा गवाह’मधले तुरुंगाधिकारी किंवा ‘हम दिल दे चुके सनम’मधले गायक पंडित, या कोणालाही केव्हाही पाहता येतात. ‘अनुमती’साठी त्यांना २०१२ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार इरफान खान यांच्यासह विभागून मिळाला, त्यामुळे ते कामही लोकांच्या नजरेआड होण्याची भीती नाही. कॅसेटीतून वाचवायचे ते मालिकांतले काम.

या दृष्टीने तिसरा गठ्ठा, आईने रेकॉर्ड केलेला, मला सर्वांत जास्त आनंद देऊन गेला. त्यात झी मराठीवरील ‘या सुखांनो या’चे आणि स्टार प्रवाहवरील ‘अग्निहोत्र’चे भाग आहेत. ‘अग्निहोत्र’ ही वाहिनीच्या आरंभापासूनची, म्हणजे २००८ च्या अखेरची मालिका. लेखन श्रीरंग गोडबोले यांचे आणि दिग्दर्शन सतीश राजवाडे यांचे. मोहन आगाशे, विनय आपटे, मोहन जोशी, इला भाटे, शरद पोंक्षे अशी मातब्बर माणसे एका वाड्याच्या कथेत एकत्र आली होती. येथपर्यंत येताना रोजच्या मालिकेची शैली पूर्ण बदललेली होती. प्रत्येक प्रतिक्रियेवर कॅमेरा तीनदा जाणे, मागे ढोल-ताशांसारखे संगीत वाजणे, हे नित्याचे झाले होते. ‘अग्निहोत्र’ने त्या लाटेतही नटांना थांबायला जागा ठेवली, आणि गोखल्यांनी ती जागा कशी वापरली हे पाहण्यासारखे आहे. ‘उड़ान’मधल्या बापाचा विराम हा जपून ठेवलेल्या मायेचा होता. येथे मात्र तो अधिकाराचा आहे: घरातला मोठा माणूस गप्प बसला की खोलीतल्या बाकीच्यांना काय करावे ते कळत नाही. वीस वर्षांच्या अंतराने एकच साधन दोन वेगळ्या कामांसाठी कसे वापरले गेले, हे एका संध्याकाळी लागोपाठ पाहता येणे, हे या रूपांतराचे मला मिळालेले खरे फळ आहे. वर उल्लेखलेल्या पहिल्या व्यावसायिकाच्या प्रतीत हा फरक मला कधीच दिसला नसता, कारण तेथे दोन्ही ठिकाणी विरामाच्या जागी सारखीच पोकळी होती.

आवाजावर जगलेल्या या नटाला घशाच्या विकारामुळे २०१६ मध्ये रंगभूमीचा निरोप घ्यावा लागला. त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या ‘नटसम्राट’मध्ये ते रामभाऊ म्हणून नाना पाटेकर यांच्यासमोर उभे राहिले, आणि तेथील त्यांचा आवाज ऐकताना घशाची ती व्यथा मनात ठेवून ऐकावे, असे मला वाटते. त्याआधी २०११ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला होता. पुण्याजवळच्या नाणे गावातील आपली एक एकर जागा त्यांनी वृद्ध कलावंतांच्या निवाऱ्यासाठी देऊ केली होती; रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या माणसांचे म्हातारपण कसे जाते, हे त्यांच्या घरात तीन पिढ्यांनी जवळून पाहिलेले होते. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचे पुण्यातच निधन झाले. अंत्यदर्शनासाठी त्यांना बालगंधर्व रंगमंदिरात आणले होते. त्या दिवसांत सर्वत्र जी दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवली गेली ती चित्रपटांतली होती. मालिकांतले एकही दृश्य माझ्या पाहण्यात आले नाही, आणि वडिलांच्या कॅसेटी कपाटातून काढायच्या, हे माझे तेव्हाच ठरले.

सेवेत उणिवा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. वेळ फार लागतो. पावसाळ्यात तर आणखीच, कारण ओलसर दिवसांत मालक बुरशीच्या कॅसेटी उघडतच नाहीत. काम केव्हा होईल याचा लेखी अंदाज मिळत नाही आणि दूरध्वनीवर ते क्वचितच सापडतात. फाइलींना नावे दिलेली नसतात, केवळ कॅसेटचा क्रमांक असतो. कोणत्या फाइलमध्ये कोणती मालिका आणि कोणत्या मिनिटाला काय सुरू होते, याची यादी मला घरी बसून करावी लागली. इतक्या काळजीने काम करणाऱ्या माणसाने ही शेवटची पायरी का सोडावी, हे मला पटले नाही. थोडे अधिक पैसे घेऊन त्यांनी ती यादी द्यावी, असे मी त्यांना सुचवले आहे. दुकानाचा जिना अरुंद व अंधारा आहे, ज्येष्ठांना चढणे अवघड जाते, आणि कॅसेटी घरून नेण्या-आणण्याची सोय नाही. या कामाचे बहुतेक ग्राहक साठीच्या पुढचे असणार, हे लक्षात घेता ही उणीव मोठी आहे.

एका बाबतीत मात्र त्यांचा कडकपणा मला आवडला. घरी रेकॉर्ड केलेल्या मालिका घरात पाहण्यासाठीच ते उतरवून देतात; एका ग्राहकाच्या कॅसेटीची प्रत दुसऱ्याला विकत नाहीत आणि समाजमाध्यमांवर चढवायला मदत करत नाहीत. ‘उड़ान’चे हे भाग मला एखाद्या संशोधकाला दाखवता आले असते तर बरे झाले असते, पण त्याचे हक्क ज्यांचे आहेत त्यांच्याकडूनच ते व्हायला हवे. दूरदर्शनने स्वतःचा जुना संग्रह अलीकडे थोडा थोडा खुला केला आहे, आणि तो वेग वाढला तर माझ्यासारख्यांच्या कॅसेटींची गरजच उरणार नाही. तोपर्यंत त्या जपणे एवढे आपल्या हातात आहे.

दर सांगते. सुस्थितीतल्या कॅसेटीला मला ४०० रुपये पडले आणि बुरशी काढावी लागलेल्या प्रत्येकीला वरती २५० रुपये. मूळ प्रतीसाठी हार्डडिस्क आपली न्यावी लागते. तीन-चार कॅसेटी असतील तर एक टीबीची पुरते. इतर ठिकाणांपेक्षा हा दर जास्त आहे आणि तो योग्य आहे. जाण्याआधी घरी एवढे करावे: कॅसेटी उभ्या ठेवाव्यात, उन्हात वाळवू नयेत, चालवून पाहू नयेत, आणि कोणत्या कॅसेटीवर काय आहे ते आठवेल तेवढे कागदावर लिहून न्यावे. कोणत्याही अन्य व्यावसायिकाकडे जाणार असाल तर आधी एकाच कॅसेटीचे काम द्यावे, आणि फाइल मिळाल्यावर ज्यात कोणी बोलत नाही असा एक तुकडा हेडफोन लावून ऐकावा. तेथे खोलीचा आवाज येत असेल तरच उरलेल्या कॅसेटी द्याव्यात.